आडवी तार

"नाना, हलवू नका," मी चौथ्यांदा ओरडलो.

"हलवत न्हाई, सायेब," पलीकडून नानांचा आवाज आला. वाऱ्यावर तो अर्धाच पोचला.

साठेक मीटरवर नाना स्टाफ धरून उभे होते. स्टाफ म्हणजे आमची चार मीटर उंच लाकडी मोजपट्टी, तिच्यावर काळे-पांढरे आडवे पट्टे आणि आकडे. एकानं ती उभी धरायची आणि दुसऱ्यानं तिपायीवरच्या दुर्बिणीतून, म्हणजे लेव्हलमधून, आकडा वाचायचा. दुर्बिणीत केसासारख्या दोन तारा दिसतात, एक उभी, एक आडवी. आडवी तार स्टाफच्या ज्या पट्ट्यावर येईल तो आकडा वहीत लिहायचा. सगळा खेळ एवढाच. पण कालव्याचा उतार त्या आकड्यांवर ठरतो, आणि पाणी कुठल्या गावापर्यंत जाईल तेही.

मला ते काळे-पांढरे पट्टे एकमेकांत घुसलेले दिसत होते. कुणीतरी स्टाफ हळूहळू वर-खाली करतंय असं वाटायचं. स्टाफच्या दोन्ही उभ्या कडा मात्र सुरीनं कापल्यासारख्या स्पष्ट. त्यामुळे दुर्बीण नीट लागलेली आहे याबद्दल मला शंका नव्हती. मी अंदाजानं मधला आकडा घेतला, वहीत लिहिला आणि हात वर करून नानांना पुढं जायची खूण केली.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या आषाढातली, माणदेशातल्या कुरणवाडीची. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला सहा महिने झाले होते आणि दोन वर्षांचा परिविक्षेचा काळ अजून सरायचा होता. म्हणजे साहेबांनी मनात आणलं तर मी घरी. आता मी निवृत्त आहे, पेन्शन घेतो, सकाळी फिरायला जातो. कुणी विचारलं तर नोकरीत काही वावगं केलं नाही असं सांगतो. लोकांना ते खरं वाटतं.

नाना म्हणजे बिरा वाघमोडे, आमचे खलाशी. पाण्याचा पत्ता नसलेल्या मुलखात या माणसांना खलाशी का म्हणायचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लेव्हलची पेटी वाहायची, स्टाफ धरायचा, झुडपं तोडायची, ही त्यांची कामं. नानांचं वय चोपन्न. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. त्या महिन्यात रोजंदारीवरच्या जुन्या माणसांना कायम करायची यादी वर जायची होती आणि तिच्यात नानांचं नाव पहिलं होतं. कायम झाले असते तर साठीपर्यंत सहा वर्षं पगारी नोकरी आणि पुढं मरेपर्यंत पेन्शन. झाले नसते तर पुन्हा मेंढरांमागं. वाडीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. नानांनी घराला नवं दार करायला टाकलंय असंही मी ऐकलं होतं.

यादी शनिवारी जाणार होती, प्रत्येक नावापुढं साहेबांचा शेरा घेऊन.

आमचे साहेब सरनोबत. अंगानं आडवे, मनानं सरळ, पण एकदा एक गोष्ट ठरवली की ब्रह्मदेव आला तरी हलायचे नाहीत. मला शिकवलं त्यांनीच. पहिल्याच दिवशी मी चष्म्यासकट लेव्हलला डोळा लावला, तर त्यांनी मागून चष्मा ओढून माझ्या खिशात कोंबला. म्हणाले, चष्म्याची काच दुर्बिणीच्या काचेला घासते, दोन्हीची वाट लागते. ही डोळ्याजवळची रिंग आहे ना, ती तार स्पष्ट दिसेपर्यंत फिरव, डोळ्याचा नंबर तिच्यात निघून जातो. मी पण चष्मेवालाच आहे, पंचवीस वर्षं असंच बघतोय. मी रिंग फिरवली. उभी तार झकास दिसायला लागली. आडवी जरा जाड वाटली, एकीच्या दोन झाल्यासारखी, पण लेव्हल जुनी होती आणि साहेब डोक्यावर उभे होते. दिसली का म्हणाले, मी दिसली म्हणालो. त्या दिवसापासून लेव्हलपाशी गेलो की चष्मा खिशात.

आता त्या आठवड्याचं. आमचा नियम असा की ज्या खुणेच्या दगडापासून सुरुवात करायची, मोजत मोजत जाऊन संध्याकाळी परत त्याच दगडावर यायचं. सकाळची आणि संध्याकाळची उंची सारखी आली तर काम बरोबर. बोटभर फरक चालतो. सोमवारी आमचा फरक आला अकरा सेंटिमीटर. मंगळवारी तीच ओळ पुन्हा केली, तर नऊ, आणि तोही उलट्या बाजूला. मी वहीतल्या बेरजा तीन-तीनदा तपासल्या. बेरजेत काही नव्हतं. याआधी वीस-पंचवीस मीटरवरून वाचायचो तेव्हा फरक कसाबसा बोटात बसायचा; या मोकळ्या माळावर पहिल्यांदाच साठ-साठ मीटरवरून वाचत होतो.

मंगळवारी संध्याकाळी साहेबांची जीप आली. वही बघून त्यांनी भुवया चढवल्या आणि दोन दिवसांत तुझ्या गाडीला काय झालं असं विचारलं. मी म्हणालो, "वारा फार आहे साहेब. स्टाफ हलतो."

बस्, एवढंच वाक्य. नानांचं नाव मी घेतलं नव्हतं. पण स्टाफ काही आपला आपण उभा राहत नाही.

बुधवारी साहेब स्वतः रानात आले. नानांना आधी सांगून ठेवलं होतं, आज साहेब दुर्बिणीतून बघणार आहेत. नाना आंघोळ करून, धुतलेला पटका बांधून आले होते. स्टाफ धरून उभे राहिले, टाचा जुळवून, तो नाकासमोर धरून. साहेब लेव्हलवर वाकले, रिंग फिरवली आणि नेमका त्याच वेळी माळावरून भोवऱ्यासारखा वारा आला. चार मीटरचं लाकूड, वरचं टोक हाललं. कुणाच्याही हातात हाललं असतं. मारुतीच्या हातात असतं तरी हाललं असतं.

साहेब सरळ झाले आणि मला म्हणाले, "हलतोय की रे."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दोन दिवस माझ्या डोक्यावर जे ओझं होतं ते साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून उतरवलं होतं. दोनच मिनिटं बघून ते पाठ दुखते म्हणून जीपमध्ये जाऊन बसले. जाता जाता मला म्हणाले, म्हाताऱ्याचा हात गेलाय, असा माणूस कायम करून मी काय खात्याच्या गळ्यात धोंडा बांधू का. शुक्रवारपासून त्या नव्या दगडूला घे. उद्याचा दिवस काम बंद ठेव.

नानांना ते मी सांगितलं. शुक्रवारी येऊ नका, एवढंच सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. स्टाफची घडी केली, फडक्यानं पुसला, पिशवीत घातला आणि पिशवीची नाडी नेहमीसारखी दोनदा गाठ मारून बांधली.

त्याच संध्याकाळी वाकून पेटी उचलताना माझ्या खिशातला चष्मा दगडावर पडला. काच फुटली नाही, पण उजवी फ्रेममधून निसटून बाहेर आली. तेव्हा गोल काचांची फ्रेम वापरायचो. मी काच पुसून, दाबून परत बसवली आणि घातली. डोळ्याला काहीतरी ओढल्यासारखं झालं. रात्री जेवेपर्यंत कपाळ ठणकायला लागलं. गुरुवारी सुट्टीच होती, म्हणून सकाळच्या एसटीनं तालुक्याला गेलो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारत त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो.

डॉक्टर पोंक्षे म्हणून होते. सडसडीत, बडबडे, पेशंट नसला तर भिंतीशी बोलतील असे. त्यांनी चष्मा हातात घेतला, उजेडात धरला, लांबून त्यातून दाराच्या चौकटीकडं बघितलं आणि हळूहळू फिरवला. मग हसले. म्हणाले, काच तुम्हीच बसवलीत ना? मी हो म्हणालो. ते म्हणाले, बसवलीत छान, फक्त पाव वर्तुळ फिरवून.

मला त्यातलं काही कळलं नाही. काच गोल, फ्रेम गोल, फिरली तर काय बिघडलं, असं मी विचारलं.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. समोर भिंतीवर घड्याळासारखी एक चकती होती. काटे नव्हते, नुसत्या मधून निघालेल्या काळ्या रेघा, बारा, एक, दोन अशा प्रत्येक तासाकडं गेलेल्या. डावा डोळा झाकून, चष्मा न लावता बघायला सांगितलं. कुठल्या रेघा ठळक दिसतात?

बारा ते सहा दिसत होती. शाईनं आत्ताच ओढल्यासारखी. मग मी तीन ते नऊ या रेघेकडं बघितलं. ती नव्हतीच. तिच्या जागी करड्या रंगाचा एक पट्टा होता, वर-खाली फिसकटलेला.

"आडवी दिसत नाही," मी म्हणालो.

"दिसणार नाही. जन्मात दिसणार नाही, काचेशिवाय." डॉक्टरांनी टेबलावरचा चमचा उचलला आणि त्याची पाठ माझ्याकडं केली. म्हणाले, डोळ्याची पुढची बाजू चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोल असावी लागते. तुमची या चमच्यासारखी आहे. लांबीत एक बाक, रुंदीत दुसरा. म्हणून उभ्या रेघेचा उजेड एका ठिकाणी गोळा होतो, आडवीचा दुसऱ्याच ठिकाणी. एक नीट दिसते तेव्हा दुसरी फिसकटते. त्याला सिलिंडरचा नंबर लागतो. साध्या नंबराची काच कशीही फिरवा, फरक पडत नाही. सिलिंडरची काच ठरलेल्या अंशातच बसायला हवी. कॉलेजात चष्मा केलात तेव्हा कुणी सांगितलं नाही?

कागदावर दोन आकडे होते, एवढं मला आठवत होतं. दुसरा कसला ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि अंगठ्याच्या नखानं उजवी काच फ्रेममध्येच हळूच फिरवायला सुरुवात केली. करडा पट्टा आकसत गेला. आकसत आकसत त्याची रेघ झाली. तीन ते नऊ. काळी, बारीक, बारा ते सहाइतकीच स्पष्ट.

मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. डॉक्टर आणखी काहीतरी बोलत होते, स्क्रू घट्ट करतो वगैरे.

"डॉक्टर," मी विचारलं, "दुर्बिणीला रिंग असते. ती फिरवून हा नंबर काढता येतो का?"

"साधा नंबर निघतो. हा नाही निघत. रिंग फिरवून एक तर उभी नीट होईल, नाहीतर आडवी. चष्मा घालूनच बघावं लागेल. का हो?"

मी म्हटलं, काही नाही, सहज.

एसटीत बसलो आणि सगळं आपसूक समोर आलं. उभी तार स्पष्ट, आडवी जाड. स्टाफच्या कडा सुरीसारख्या, पट्टे वर-खाली. स्टाफ हलत नव्हता. एकदाही हलला नव्हता, वाऱ्याची ती एक झुळूक सोडली तर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांदेखत करून बसलो होतो. पण मला घाम फुटला नाही, रडू आलं नाही. डोळ्यांनी बाहेर बघत होतो आणि चष्म्यातून विजेच्या तारा इतक्या बारीक दिसत होत्या की मी त्याच मोजत राहिलो.

मी निर्दय नव्हतो. त्या एसटीत मी ठरवलं होतं काय करायचं ते. शुक्रवारी नानांनाच घेऊन ओळ करायची. चष्मा घालून. फरक बोटाच्या आत आला की वही साहेबांपुढं ठेवायची आणि सांगायचं, दोष माझ्या डोळ्याचा होता, हात याच माणसाचा आहे, बघा. पुरावा हातात असला की बोलायला धीर येतो. शनिवारच्या यादीआधी एक दिवस होता. पुरेसा होता.

शुक्रवारी सकाळी मी नानांच्या वस्तीवर निरोप पाठवायला निघालो तोच जीप आली. साहेबांनी दगडूला स्वतःच बरोबर आणलं होतं. आज माझ्यासमोर होऊन जाऊ दे, म्हणाले. मी म्हणालो, साहेब, नानांना एकदा बघू या का? त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. परत म्हणायची माझी छाती झाली नाही.

ओळ केली. साहेब जीपमध्ये वर्तमानपत्र वाचत होते, त्यांचं माझ्या चष्म्याकडं लक्षही गेलं नाही. दगडू म्हणजे गेल्या महिन्यात लागलेला गडी, तंबाखू मळत स्टाफ धरायचा, दोनदा तर उलटा धरला. वारा परवापेक्षा जास्त होता. पण दुर्बिणीत आडवी तार बारीक, काळी, एकटी. पट्टे वेगवेगळे, मोजून घ्यावेत असे. मी आकडा वाचायचो, लिहायचो, पुढं जायचो. दुपारी चारला परत दगडावर आलो. बेरीज केली. फरक सहा मिलिमीटर.

वही घेऊन मी जीपपाशी गेलो. साहेबांनी शेवटचा आकडा बघितला, मांडीवर थाप मारली आणि खुशीत म्हणाले, "बघ. माणूस बदलला, लेव्हल जुळली."

याला उत्तर होतं. माझ्या नाकावर होतं. साहेब, चष्मा. दोन शब्द. पण त्या दोन शब्दांमागं बरंच काही होतं. चष्मा काढायला साहेबांनीच शिकवलं होतं. सोमवार-मंगळवारच्या वह्यांवर सही माझी होती. त्याआधीच्या दोन महिन्यांतल्या वह्यांवरही माझीच होती, त्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या. आणि डोळ्यात दोष आहे असं परिविक्षेतल्या इंजिनियरनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. असं मला तेव्हा वाटलं. पुढं कळलं की त्यानं काही झालं नसतं, फार तर साहेब दोन दिवस चिडले असते. पण हे पुढं कळलं.

मी "हो साहेब" म्हणालो. आणि सगळ्यात वाईट हे की आत काही हललं नाही. वही बंद केली, शिसपेन्सिल खिशाला लावली, चहा प्यायलो.

शनिवारी सकाळी नाना कॅम्पवर आले. शाळेमागच्या दोन खोल्यांत आमचा कॅम्प होता. खात्याची खाकी टोपी आणि झुडपं तोडायचा कोयता त्यांच्याकडं राहिले होते, ते परत करायला. साहेब आतल्या खोलीत यादी टाइप करून घेत होते. टाइपरायटरचा आवाज बाहेर येत होता. मी ओट्यावर बसलो होतो.

नानांनी टोपी आणि कोयता माझ्या शेजारी ठेवला. बसले नाहीत. पटका सारखा केला. शुक्रवारची लेव्हल जुळली ते त्यांना कळलं होतं. दगडूनं वाडीभर सांगितलं होतं.

"सायेब, येक इचारायचं हुतं."

"विचारा ना."

"म्या भांडायला आल्यालो न्हाई. यादीचं ऱ्हाऊ द्या. म्या घरी जाऊन काठी धरून बघितली. उनात काठीची सावली बघितली. मला हलल्याली दिसंना. पर आपलं आपल्याला कळत नसतंय. तुमी दुर्बिनीतनं बघत हुता." ते थांबले. "खरं सांगा. माजा हात हलत हुता का?"

आत टाइपरायटर चालू होता. मला अजून आठवतं, ओळ संपल्याची घंटी वाजली. नानांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशाही नव्हती. त्यांना खरंच माहिती हवी होती. डॉक्टरला विचारतात तसं ते विचारत होते. मी नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग यादी का? आणि साहेब आतच होते, पाच पावलांवर.

"थोडा," मी म्हणालो.

नानांनी मान हलवली. दोनदा. "म्हंजी हलत हुता," असं स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. न्हाईतर मनात ऱ्हायलं असतं." आणि पायरी उतरून चालायला लागले. उजवा हात त्यांनी समोर धरला होता आणि जाताना त्याच्याकडं बघत होते.

अर्ध्या तासानं साहेबांनी यादी मला तपासायला दिली. वाघमोडे नावापुढं शेरा होता, कामास अयोग्य. टायपिंगची एकही चूक नव्हती. मी तसं सांगितलं.

त्यानंतर माझी बदली झाली, कायम झालो, बढती मिळाली. दुर्बिणीला डोळा लावताना चष्मा कधी काढला नाही. हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी विचारायचो, सिलिंडर आहे का? पोरं हसायची, साहेबाला वेड आहे म्हणायची. कुठल्या गोष्टीवरून लागलंय ते कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

अकरा वर्षांनी कालव्याच्या एका पाहणीसाठी मी पुन्हा त्या भागात गेलो. काम दुपारीच संपलं. ड्रायव्हरला म्हटलं, कुरणवाडीवरून घे. का म्हटलं ते माहीत नाही. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. वस्ती सापडली. चार घरं, मेंढरांचा वाडा, बाभळीची सावली. नानांच्या बायको ठकूबाई अंगणात चुलीवर दूध तापवत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी ओळखलं नाही, पण खात्याचा साहेब म्हटल्यावर घोंगडी अंथरली. नाना दोन वर्षांमागं गेले होते. छातीत दुखलं आणि गेले. कुणाला त्रास दिला नाही, म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नोकरीचा विषयही काढला नाही. आपल्या सांगत राहिल्या, माणूस गेलेल्या घरात सांगतात तसं. वाडीत लोकर कातरायला नानांसारखा माणूस नव्हता. आख्ख्या कळपात एका मेंढीला कातरीचं टोक लागायचं नाही. पण खात्यातून आले आणि कातर खुंटीला टांगली ती परत घेतली नाही. हात हलतोय, मुक्या जनावराला कापंल, म्हणायचे. दुसऱ्यांना बोलावून कातरून घ्यायचे.

"आनि नातू झाला," ठकूबाई म्हणाल्या, "तर त्येला उचलून घेत न्हवते. मांडीवर द्या म्हनायचे, बसल्यावर. हुभं ऱ्हाऊन कधी न्हाई घेतला. पडंल म्हनायचे. मी बघायची न्हवं रोज. गच्च भरल्याला च्याचा कप धरला तरी थेंब सांडत न्हवता. म्या म्हनायची, हात कुटं हलतोय तुमचा? तर म्हनायचे, तुला काय कळतंय. सायबानं दुर्बिनीतनं बघितलंय."

मी घोंगडीवर बसलो होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला गप्प राहवेना.

"हलत नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"हात हलत नव्हता. त्यांचा हात चांगला होता. माझा डोळा खराब होता. मला तेव्हाच कळलं होतं, यादी जायच्या आधी. मी खोटं सांगितलं."

ठकूबाई शिव्या देतील, रडतील, उठ म्हणतील, असं मला वाटलं. कशालाही मी तयार होतो. त्यांनी पदरानं हात पुसले.

"आता ह्ये कुनाला सांगू मी?" त्या म्हणाल्या, आणि चुलीवरचं दूध उतरवायला वळल्या.